मान सरळ ठेव

पांचाळ गुरुजी पोराचं वय त्याच्या हातावरून ठरवायचे. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला पुरली तर पोर सहा वर्षांचं झालं, पहिलीत बसवा. नाही पुरली तर गुरुजी पोराच्या बापाकडे बघून म्हणायचे, "अजून एक वरीस घरी ठेवा याला." हे ते इतक्या मायेनं म्हणायचे की बाप नाराज न होता पोराला खांद्यावर घेऊन परत जायचा.

ही परीक्षा तेव्हा पुष्कळ शाळांतून घेत असत. गुरुजींची म्हणून तिच्यात एक गोष्ट जास्तीची होती. हात पुरेनासा झाला की पोरं लबाडी करायची, मान तिरकी करून कानच बोटांकडे न्यायची. म्हणून गुरुजी आधी आपला तळवा पोराच्या गालाला लावायचे, डोकं ताठ करायचे आणि म्हणायचे, "मान सरळ ठेव." त्या तळव्याला शाईचा वास असायचा. बॉलपेन त्यांनी कधी खिशाला लावलं नाही. शाईनं लिहिताना माणूस जपून लिहितो, असं त्यांचं म्हणणं होतं.

भोकरपासून आठ किलोमीटरवरच्या आमच्या गावात जन्माचा दाखला कुणाकडेच नव्हता. कुणी हरभरा काढताना जन्मलेलं, कुणी तळ्याचं काम चालू होतं त्या साली. गुरुजी हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि रजिस्टरात त्या जूनपासून सहा वर्षं मागची एक जून लिहायचे. माझ्या वर्गातल्या सगळ्यांचा जन्म एक जूनचा. गुरुजींचा स्वतःचाही एक जूनचाच. त्यांच्या गुरुजींनी लिहिलेला.

घरी कुणाचा वाढदिवस होत नसे. गुरुजी तो शाळेत करायचे. उन्हाळ्याची सुट्टी असूनही एक जूनला सकाळी ते शाळेचं फाटक उघडायचे आणि व्हरांड्यात गूळ-फुटाण्याची कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. "घ्या, आज सरकारी वाढदिवस हाय सगळ्यांचा," म्हणत एकेकाच्या ओंजळीत मूठ सोडायचे. त्या दिवसाची आम्ही वर्षभर वाट बघायचो. आता कॅलेंडरवर ती तारीख जवळ आली की मला दुसरंच काहीतरी होतं. ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

मला शाळेत घातलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवलं होतं. माझा हात कान ओलांडून पार गालापर्यंत गेला. गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या बापाकडे, दादांकडे, आणि रजिस्टरात सहा वर्षं लिहिली. "गुरुजी, आठ भरले हायत तिला," असं दादा म्हणाले. गुरुजी म्हणाले, "असू द्या."

ते असू द्या कशासाठी होतं, ते मला नववीत गेल्यावर कळलं. मुदखेडकडचं एक स्थळ आलं होतं आणि दादांनी जवळजवळ होकार दिला होता. गुरुजी सायकल हातात धरून आमच्या दारात आले. हँडलला रजिस्टर बांधलेलं, धुतलेल्या फडक्यात. ते त्यांनी दादांच्या पुढ्यात उघडलं आणि माझ्या नावावर बोट ठेवलं.

"कागदावर चौदा हाय. लगीन लावलं तर तुमी आत जाताल, नवरदेव आत जाईल. अन् लिहिणारा म्हणून मी बी येतो संगं."

दादा बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. त्यांना वाचता येत नव्हतं. स्थळ परत गेलं. पुढं कळलं की ज्या ज्या मुलीचा हात गुरुजींना कानाच्या पुढं गेलेला दिसला, तिचं वय त्यांनी कागदावर कमी केलं होतं. त्या दोन वर्षांवर मी बारावी झाले, पदवी घेतली, एम.ए., बी.एड. केलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी महाविद्यालयाचं फाटक पाहिलं नव्हतं. आज लातूरच्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. माझ्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर तीच जन्मतारीख आहे, गुरुजींच्या पेनानं झालेली.

त्या पेनानं गुरुजींनी एक नोंद मात्र उलटी केली.

त्यांची बायको गेली तेव्हा त्यांचा एकुलता मुलगा प्रशांत चार वर्षांचा होता. घरी बघायला कुणी नाही, म्हणून गुरुजी त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत आणू लागले. मी तेव्हा चौथीत. ऑफिसातला पाण्याचा माठ भरायचं काम माझ्याकडे होतं. जूनमधल्या एका सकाळी मी घागर घेऊन आत गेले, तर गुरुजींनी प्रशांतला टेबलासमोर उभं केलेलं. त्याचा हात डोक्यावरून गेला होता आणि कान दोन बोटं लांब राहिला होता. गुरुजींनी तळवा त्याच्या गालाला लावला. आता मान सरळ ठेव म्हणतील म्हणून मी थांबले. गुरुजी काही बोलले नाहीत. तळवा हळूच कलला आणि पोराची मान बोटांकडे झुकली.

"पुरला की," ते म्हणाले. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. मग खुर्चीत बसून त्यांनी सहा वर्षं लिहिली.

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आई नसलेलं पोर बापाच्या डोळ्यांपुढं राहील, एवढंच मनात आलं. गावातही कुणी काही बोललं नाही. गुरुजी पुढं कौतुकानं सांगायचे की प्रशांतच्या हातात दोन वर्षं जास्तीची राहतील, सगळ्यांच्या आधी शिकून मोकळा होईल.

प्रशांत हुशार होता, पहिल्या तिनात यायचा. पण खेळताना त्याला कुणी गड्यात घेत नसे. जिथं जाईल तिथं तो सगळ्यांत लहान. दहावी होऊन तो लातूरला क्लासेसला आला तेव्हा कागदावर सोळाचा होता आणि खरा चौदाचा. मी तेव्हा लातूरलाच पदवीला होते. दर रविवारी त्याच्याकडे जाऊन यायला गुरुजींनी मला सांगितलं होतं. एका खोलीत पाच पोरं. चौघांना दाढ्या फुटलेल्या आणि हा रोज सकाळी नुसत्या गालांवर ब्लेड फिरवायचा. खोलीवरच्या पोरांनी त्याचं नाव चिल्लर ठेवलं होतं.

एका रविवारी मी गेले तर खोलीभर लवंगेचा आणि त्याखाली दबलेला दारूचा वास होता. एक पोरगा हसत म्हणाला, "ताई, चिल्लरला इचारा, काल झेपलं का म्हणून." प्रशांत माझ्याकडे न बघता म्हणाला, "झेपतंय. न झेपायला काय झालं?" मी त्याला रागावले, त्यानं आईच्या नावानं शपथ घेतली. मी गुरुजींना कळवलं नाही. पोरगं घाबरलं आहे, आता करणार नाही, असं मला खरंच वाटलं.

डॉक्टरकीला त्याचा नंबर दोन्ही वेळा लागला नाही. नांदेडच्या फार्मसी कॉलेजातून तो दुसऱ्या वर्षी परत आला. गुरुजी तोवर निवृत्त होऊन भोकरला दोन खोल्या बांधून राहिले होते. प्रशांत दिवसभर तिथं पडून असायचा आणि संध्याकाळ झाली की केस विंचरून बाहेर पडायचा. त्या वर्षी एक जूनला तो कागदावर एकवीसचा झाला.

आपल्या राज्यात बियरला एकवीस वर्षं लागतात आणि कडक दारूला पंचवीस. हे गुरुजींना माहीत नव्हतं. त्यांनी आयुष्यात त्या दुकानाच्या बाजूनं सायकलही नेली नव्हती. ते माहीत करून घेऊन ते भोकरच्या बसस्थानकामागच्या दारूच्या दुकानात गेले. पुढचं मला मारोतीनं सांगितलं. मारोती माझ्याच वर्गातला, त्या दुकानात जाळीमागं बसून विक्री करतो. त्याचीही जन्मतारीख एक जून.

गुरुजींना पायरीवर बघून तो उठून उभा राहिला. गुरुजी म्हणाले, "मारोती, प्रशांतला देऊ नको. एकोणीसचा हाय तो."

मारोतीनं मान खाली घातली. "गुरुजी, आधार कार्डावर एकवीस हायत. आधार निघालं शाळेच्या दाखल्यावरनं. अन् दाखल्यावर तुमचीच सही हाय."

गुरुजी जाळी धरून उभे राहिले. मागं गिऱ्हाईक तिष्ठत होतं, त्याला त्यांनी जागा करून दिली आणि पुन्हा जाळीशी आले. मारोतीनंच मग तोड काढली. बियर त्याला नाकारता येत नव्हती. पण कडक दारूची बाटली त्याचे पंचवीस भरेपर्यंत देणार नाही, असं त्यानं कबूल केलं. "कायदाच हाय तसा म्हणून सांगतो. मी न्हाई म्हणलो तर भांडंल. कायदा न्हाई म्हणला तर कुणासंगं भांडंल?"

आणि मारोतीनं ते पाळलं. प्रशांतनं शिव्या दिल्या, मित्रांना पाठवून बघितलं. मारोती कार्ड मागायचा. दुसऱ्या गावच्या दुकानांची त्याच्याकडे हमी नव्हती. नांदेडहून प्रशांत कधीमधी बाटली आणायचाच. गुरुजी मला म्हणाले होते, "नांदेडला जायला त्याला बस धरावी लागते. कधी बस चुकते. चुकली की येऊन झोपतो. तेवढाच एक दिवस." त्या चुकलेल्या बसगाड्यांवर त्यांची चार वर्षं चालली होती.

गेल्या जानेवारीत आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा होती. विषय मुलांनीच निवडला होता, दारू पिण्याचं कायदेशीर वय कमी करावं का. मी परीक्षक म्हणून गुरुजींना बोलावलं. प्रशांतचं मला सगळं ठाऊक होतं, तरी बोलावलं. दुसऱ्या कुणाला या विषयातलं त्यांच्याइतकं कळत असेल, असं मला वाटेना.

गुरुजी धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. पुढच्या बाकावर बसून शाईच्या पेनानं गुण लिहीत राहिले. अकरावीतल्या एका मुलानं वय कमी करावं या बाजूनं सभागृह गाजवलं. अठराव्या वर्षी मत देता येतं, सैन्यात जाऊन मरता येतं, मग एक पेला का उचलता येऊ नये, असं त्यानं विचारलं. आणि जो कायदा कुणी पाळतच नाही, तो ठेवून काय उपयोग, म्हणाला. पोरांनी टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. गुरुजींनी पहिला क्रमांक त्यालाच दिला. मग बोलायला उभे राहिले.

"ह्या लेकरानं चांगलं मांडलं, म्हणून नंबर दिला. पाळत न्हाईत, हे खरं हाय. पण एक मानूस जाळीमागं बसतो. त्याला न्हाई म्हणायचं असतं अन् त्याच्याकडं कारण नसतं. तुमी त्याच्या हातातलं कारण काढून घेऊन राहिलात." मग ते म्हणाले, "अन् वय कमी करायला कायदा कशाला लागतो? नुसता एक पेन लागतो. मी केलेलं हाय."

पोरांना तो विनोद वाटला. ती हसली.

नंतर उपाहारगृहात चहा घेताना त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. प्रशांतची जन्मतारीख दुरुस्त करण्याचा अर्ज होता. शाळा सोडल्यावर तारीख सहजासहजी बदलत नाही. गुरुजींनी कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ही नोंद मी मुख्याध्यापक असताना जाणूनबुजून खोटी केली. अक्षर नेहमीसारखं टपोरं होतं.

"जूनला पंचवीस भरतात त्याचे. खरे तेवीस. हे मंजूर झालं तर दोन वर्सं मिळतील मला," ते म्हणाले. "मारोतीच्या हातात दोन वर्सं कारण राहील. डॉक्टर म्हणले, लिव्हर अजून सावरंल. बियरवर हाय तवर धरता येतंय, बाटली रोजची झाली तर मला येऊ बी नका म्हणले."

मी म्हणाले, मग द्या ना अर्ज, वाट कसली बघताय.

गुरुजींनी कप बशीवर ठेवला. "खोटी नोंद केली म्हणून लिहून दिलं की ते एक पान बघत न्हाईत, माय. रजिस्टर उचलून नेतात. बाकीच्या बी नोंदी तपासतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी नोंद त्याच रजिस्टरात हाय. किनवटला आश्रमशाळेवर दोघी हायत, त्यांच्या बी. तुमच्या तिघींच्या नोकऱ्या हायत. म्हणून तुला इचारायला आलो."

माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. घराचं कर्ज माझ्या पगारावर होतं. पण हे मी आता सांगते आहे. तेव्हा मी यातलं काहीच बोलले नाही. मी गुरुजींच्या पेल्यात उरलेल्या पाण्याकडे बघत राहिले. बाहेर त्या पहिल्या आलेल्या मुलाला पोरांनी खांद्यावर घेतलं होतं. गुरुजींनी कागदाची नीट चौघडी केली आणि पिशवीत ठेवला.

"असू दे," ते म्हणाले.

मी त्यांना लातूरच्या बसस्थानकावर सोडायला गेले. खिडकीतून त्यांनी विचारलं, लेकीचा जन्माचा दाखला काढला का. मी हो म्हणाले. "खरी तारीख हाय ना?" म्हणाले, आणि बस हलली.

त्यानंतरचे महिने मी रोज ठरवत होते की त्यांना फोन करून सांगायचं. फेब्रुवारीत परीक्षा आल्या, मग पेपर तपासणी आली. खरं तर फोन माझ्या हाताशीच होता. मेच्या शेवटी मी माहेरी आले आणि एक जूनच्या सकाळी पहिल्या गाडीनं भोकरला गेले. अर्ज करा, माझं काय व्हायचं ते होऊ द्या, असं सांगायचं होतं. मंजुरीला महिने लागतात हे मला कळत होतं. तरी त्याच दिवशी सांगायचं होतं.

गुरुजींच्या खोल्यांना कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, खुर्ची घेऊन गेले कुठंतरी. मला कुठं ते कळलं.

दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. समोरच्या पायरीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत गुरुजी बसले होते. मांडीवर कापडी पिशवी. पायरी चढणाऱ्या प्रत्येक तरुण पोराला ते थांबवत होते. "ये बाळा, हात वर कर. ह्या कानाला लाव." कुणी वळसा घालून जात होता, कुणी हसत होता. एकानं खरंच कान धरून दाखवला, मूठभर फुटाणे घेतले आणि पायरी चढून आत गेला. गुरुजींनी त्यालाही अडवलं नाही.

मी त्यांच्याजवळ वाकले आणि सांगायचं ते सांगितलं. त्यांनी माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. "भरले माय," ते म्हणाले. "आज भरले."

प्रशांत चालत आला. नवीन शर्ट, ताजी दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याचा ठिपका. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसत होता. बापाकडे न बघता तो पायरी चढला आणि डावा हात जाळीतून आत घातला. हातात आधार कार्ड होतं.

"प्रशांतभाऊ, उद्या ये," मारोती म्हणाला.

"काल म्हणलास उद्या. चार वर्सं कायदा कायदा म्हणलास. वाच आज कायदा."

मारोतीनं कार्ड घेतलं नाही. ते वाचायची त्याला गरजही नव्हती. तो माझ्याकडे बघत होता.

गुरुजी खुर्चीचा आधार घेऊन उठले आणि दोन पायऱ्या चढले. "प्रशांत," ते म्हणाले, "एकदा हात वर कर."

चारपाच माणसं थांबून बघत होती. प्रशांत हसला. ते हसू मी ओळखलं. सायकलच्या दांडीवरून उतरताना तो तसा हसायचा. डावा हात जाळीत तसाच ठेवून त्यानं उजवा वर केला. कोपरापासून हात थरथरत होता. तो डोक्यावरून पलीकडे आला, बोटं केसांतून खाली उतरली, कानशिलावर आली, घसरली आणि कानाच्या अलीकडे पलीकडे हवेतच चाचपडत राहिली. मग त्यानं मान तिरकी केली, कुणीतरी कधीतरी शिकवल्यासारखी.

गुरुजींनी तळवा त्याच्या गालाला लावला आणि डोकं ताठ केलं.

"मान सरळ ठेव."

ते खूप वेळ थांबले. आमच्यासाठी थांबायचे तेवढेच. बोटांना कान सापडला नाही.

मग नेहमीसारखं पोराच्या बापाकडे बघून बोलायला गुरुजींनी नजर वळवली. ती माझ्यावरून फिरली, बघ्यांवरून फिरली, जाळीमागच्या मारोतीवर जाऊन थांबली. तिथं बाप म्हणून दुसरं कुणी नव्हतं. तरी त्यांनी ते तसंच, त्याच मायेनं म्हटलं.

"अजून एक वरीस घरी ठेवा याला."